चिंचझरी बेट कसं झालं

चिंचझरी हे गाव वर्धा जिल्ह्यात केळझरपासून आत सात किलोमीटरवर आहे. लोकसंख्या एक हजार चारशे बारा. मुख्य पिकं कापूस, सोयाबीन आणि हरभरा. समुद्र कोणत्याही दिशेने गेलं तरी निदान पाचशे किलोमीटर लांब आहे, आणि त्याबद्दल गावाने आजवर कुणाकडे तक्रार केलेली नव्हती. मी या गावाचा उपसरपंच. नाव हिरालाल. चौकात, बस थांबते तिथेच, माझं किराणा दुकान आहे. पुढील हकिगत मी पूर्ण शुद्धीत, कुणाच्याही दबावाखाली न येता, गिऱ्हाईक नसलेल्या दुपारी लिहून काढत आहे.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या ग्रामपंचायतीला 'ग्राम अनुभव-संवर्धन कक्षा'कडून कारणे दाखवा नोटीस आली. चालू वर्षात आपण एकही अभ्यास दौरा केलेला नाही, सबब आपल्या सदस्यांच्या अनुभवात वाढ झालेली नाही. ती का झाली नाही याचा खुलासा सात दिवसांत करावा आणि एकतीस मार्चच्या आत अनुभव वाढवून तसा अहवाल सादर करावा, असं त्यात लिहिलं होतं. आमच्या गावात नळाला चार दिवसांआड पाणी येतं, याबद्दल आजवर कुणी कुणाला नोटीस दिलेली नाही. पण अनुभवाची बाब गंभीर होती.

सरपंच प्रभाकररावांनी तातडीची सभा बोलावली. ग्रामसेवक धनंजय यांनी सुचवलं की नेहमीप्रमाणे एखाद्या आदर्श गावाला जाऊन यावं.

"तीनदा जाऊन आलो ना तिकडं," प्रभाकरराव म्हणाले. "पाह्यचं काय तिथं? नाल्या बंद, रस्ते साफ. दाखवाले काईच नाई त्यायच्यापाशी."

सदस्या मंदाबाई म्हणाल्या, "मागच्या वेळी तर जेवणात बी झुणका-भाकरच होती. ते तर मी घरी बी खातो."

धनंजयनी संगणक उघडला. कक्षाच्या नव्या प्रणालीत गावांचे चार प्रकार होते आणि प्रकारानुसार दौऱ्याचं ठिकाण आपोआप ठरत होतं. दुष्काळप्रवण गावाला आदर्श गाव. डोंगरी गावाला दुसरा डोंगर. वनालगतच्या गावाला वाघापासून सुरक्षित अंतरावरचं विश्रामगृह. आणि द्वीप गावाला अंदमान: तीन बेटं, सहा दिवस, विमानप्रवास आणि राहण्या-खाण्यासह. प्रभाकररावांनी खिशातून चष्मा काढला आणि ती ओळ दोनदा वाचली.

"आपण यातले काय आहो?"

"आतापर्यंत दुष्काळप्रवण," धनंजय म्हणाले.

"आतापर्यंतचं राहू द्या."

धनंजय हा सचोटीचा माणूस आहे. खोट्या माहितीवर तो सही करत नाही. माहिती खरी होईपर्यंत थांबतो. त्यांनी प्रणालीतली व्याख्या मोठ्याने वाचून दाखवली: ज्या वस्तीच्या चारही बाजूंस वर्षभर पाणी आढळते ती वस्ती द्वीप समजावी. पाणी किती असावं, याबद्दल व्याख्या गप्प होती. मग आम्ही सर्व सदस्य त्यांना घेऊन गावाच्या शिवेवर निघालो. उत्तरेला नाला आहे, त्यात डबकी होती. पूर्वेला कालवा आहे. दक्षिणेला मंदाबाईंचं शेततळं आहे. प्रश्न पश्चिमेचा होता, कारण पश्चिमेला फाट्यावर जाणारा रस्ता आहे. पण तिथे पाण्याच्या टाकीची मुख्य जलवाहिनी तीन वर्षांपासून फुटलेली असून रस्त्यावर घोटाभर पाणी बाराही महिने उभं असतं. धनंजय बूट हातात घेऊन त्या पाण्यात काही वेळ उभे राहिले आणि मग म्हणाले, "आहे."

ती जलवाहिनी दुरुस्त करावी म्हणून मंदाबाई तीन वर्षं प्रत्येक सभेत भांडत होत्या. त्याच संध्याकाळी त्यांच्याच सूचनेवरून ठराव झाला की दौरा पूर्ण होईपर्यंत तिला कुणी हात लावू नये. ठराव सर्वानुमते मंजूर झाला.

सर्वानुमते म्हणजे अण्णाजी सोडून. अण्णाजी आमच्या वॉर्डाचे जुने शेतकरी आणि तेही सदस्य. हरभरा सोंगणीला आला होता म्हणून ते सभेला आले नाहीत, आणि दौऱ्यालाही येणार नाही म्हणाले. "मले बेटं कायले पाह्यची?" एवढंच त्यांनी विचारलं. त्यांची नात अपेक्षा वर्ध्याला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या गावातून या शिक्षणाला गेलेली ही पहिली पोरगी. सकाळी सात दहाच्या बसने जायची आणि संध्याकाळी साडेसहाच्या बसने यायची. बस यायला उशीर झाला तर माझ्या दुकानाच्या पायरीवर बसून माझा रक्तदाब मोजून द्यायची आणि "काका, खारे शेंगदाणे कमी खात जा" म्हणून वर दम द्यायची. मला दम देणारी गावात दोनच माणसं आहेत, त्यांतली ती एक.

दुसरी माझी पत्नी सुलोचनाबाई. दौऱ्यात सरपंच, सदस्य आणि ग्रामसेवक मिळून आम्ही नऊ जण होतो. अण्णाजींच्या जागी राखीव यादीतला माणूस घेतला. शिवाय नियमानुसार बचत गटाच्या दोन प्रतिनिधी हव्या होत्या. त्या निवडल्या गेल्या. दोघी योगायोगाने सरपंचांच्या आणि माझ्या घरी राहतात.

अभ्यास दौऱ्याची एक आचारसंहिता असते. ज्या ठिकाणी भेट द्यायची तिथल्या यजमानाचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचा, फलकासह सामूहिक फोटो काढायचा आणि 'भेट दिली' असं सही-शिक्क्याचं प्रमाणपत्र घ्यायचं. आम्ही यात कसूर करणारे नाही. माझ्याच दुकानातून अकरा नारळ बांधून घेतले. नागपूरच्या विमानतळावर सामान तपासणाऱ्या माणसाने नारळ पाहिले, मग तिकिटावरचं ठिकाण पाहिलं, मग पुन्हा नारळ पाहिले. त्याने काही विचारलं नाही. सुलोचनाबाईंच्या पिशवीतल्या जवसाच्या चटणीबद्दल मात्र त्याने बरंच विचारलं.

द्वीप क्रमांक एकवर कार्यक्रमपत्रिकेत 'किनारी जलव्यवस्थापनाचे प्रत्यक्ष निरीक्षण' होतं. प्रभाकररावांनी गुडघ्यापर्यंतची फुलाफुलांची चड्डी घालून तीन तास ते निरीक्षण केलं. मंदाबाई समुद्र पहिल्यांदाच पाहत होत्या. त्यांनी वाकून एक ओंजळ तोंडात घेतली आणि थुंकली. "एवढं पाणी," त्या म्हणाल्या, "अन् एका सरीले बी कामाचं नाई." धनंजयनी हे वाक्य अहवालात 'निष्कर्ष' या मथळ्याखाली घेतलं.

यजमान म्हणावा असा तिथे शहाळीवाला एकटाच होता. आम्ही त्याला खुर्चीवर बसवलं, खांद्यावर शाल टाकली आणि हातात श्रीफळ दिलं. ऊन असं होतं की वाळूवर पाय ठरत नव्हता, पण फोटो व्हायचा असल्याने त्याने शाल काढली नाही. नारळ त्याने कानाशी धरून हलवला, "सूखा है," म्हणाला आणि आपल्या ढिगाच्या मागच्या बाजूला ठेवून दिला. त्याच्याकडे होडीच्या टोकनांवर मारायचा एक शिक्का होता. त्याची अक्षरं पार झिजली होती, त्यामुळे तो शिक्का कुणाचाही असू शकत होता. आम्हाला तसाच हवा होता.

द्वीप क्रमांक दोनवर 'सागरी जैवविविधता' होती. काचेच्या तळाच्या होडीत बसवून मासे दाखवतात. अर्ध्या सदस्यांना होडी लागली. धनंजयनी नोंद केली, 'मासे: भरपूर'. द्वीप क्रमांक तीनवर वस्तीच नव्हती. होडीवाल्याने सांगितलं, पाऊण तास थांबेन, मग पाणी उतरतं. सत्कार करायला माणूस सापडेना म्हणून सरपंचांनी माझा सत्कार केला आणि मी सरपंचांचा केला. मग पांढऱ्या वाळूवर, मागे निळं पाणी घेऊन, फलक धरून आम्ही सगळे उभे राहिलो. फलकावर लिहिलं होतं: 'ग्रामपंचायत चिंचझरी (द्वीप)'.

एक गोष्ट इथे लपवणार नाही. मला त्या दिवशी फार आनंद झाला. सुलोचनाबाई लग्नानंतरची बत्तीस वर्षं दुकानाच्या मागच्या खोलीत तांदूळ निवडत आल्या आहेत. त्या चपला हातात घेऊन पाण्यात उभ्या होत्या आणि लाट आली की लहान पोरीसारख्या हसत होत्या. त्या पाऊण तासात मला चिंचझरी खरोखर बेट असती तर बरं झालं असतं असं वाटून गेलं. माणसाने असं काही वाटून घेऊ नये, कारण कक्ष ते मान्य करून टाकतो.

परत आल्यावर धनंजयनी अहवाल भरला. प्रणालीत 'गावाचे छायाचित्र' असा एक रकाना अनिवार्य होता आणि तो भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नव्हतं. त्यांच्या मोबाईलमध्ये गावाचं नाव दिसेल असा एकच फोटो होता. एकतीस मार्चच्या आत सगळं सादर झालं. कक्षाने अभिनंदनाचं पत्र पाठवलं आणि कळवलं की आपली माहिती आता सर्व संबंधित खात्यांना आपोआप उपलब्ध होईल.

एप्रिलमध्ये आमचा रस्ता दुरुस्तीच्या यादीतून वगळला गेला, कारण बेटाला जोडरस्ता असण्याची शक्यता प्रणालीला मान्य नव्हती. कुणी फारसं मनावर घेतलं नाही. तो रस्ता यादीत होता तेव्हाही दुरुस्त होत नव्हता. जूनच्या पंधरा तारखेला सकाळी सात दहाची बस आली नाही. सात चाळीसला फाट्यावरून आलेल्या एका दुधवाल्याने सांगितलं की बस फाट्यावरूनच परत फिरली. चालकाच्या कागदावर लिहिलं होतं, 'पुढे समुद्र'.

फाटा चार किलोमीटर आहे. अपेक्षा दुसऱ्या दिवसापासून पहाटे साडेपाचला निघू लागली. पावसाळा सुरू झाला होता. फाट्यावर येणारी बस भरलेली असली की थांबत नाही, आणि पुढची आठनंतरच पोचते. वर्ध्याला आठ वाजता दवाखान्याच्या वॉर्डात हजेरी होते. आठ दहानंतर येणाऱ्याला गैरहजर लावतात. ऐंशी टक्के हजेरी नसेल तर ऑक्टोबरच्या परीक्षेला बसू देत नाहीत, म्हणजे वर्ष जातं. अण्णाजी जुलैच्या पहिल्या आठवड्यात दुकानात आले. छत्री मिटवून कोपऱ्यात ठेवली आणि साखरेच्या पोत्यावर बसले.

"हिरालालभाऊ, पोरीची हजेरी बहात्तरवर आली."

"अर्ज केला आहे बससाठी."

"बस काऊन बंद झाली, ते सांग ना मले. डेपोत विचारलं तर सांगते, तुमचं गाव पाण्यात आहे. म्या म्हटलं, बावा, मी तं चालत आलो."

"काय म्हणाले ते?"

"म्हणे, ओहोटी असन."

मी त्यांना चहा पाजला. मग मी तराजू पुसत राहिलो.

बसच्या अर्जाला उत्तर आलं, आणि ते चक्क लवकर आलं. द्वीप गावांना बससेवा अनुज्ञेय नाही. तथापि विद्यार्थ्यांची गैरसोय लक्षात घेऊन एक होडी मंजूर करण्यात येत आहे. पुढच्या मंगळवारी होडी ट्रकवर बांधून, त्याच रस्त्याने, त्याच फुटलेल्या जलवाहिनीवरून गावात आली. ट्रकवाल्याला पावती हवी होती. पावतीवर छापलेलं होतं, 'होडी सुस्थितीत किनाऱ्यावर मिळाली'.

"किनारा कोठी आहे?" त्याने विचारलं.

प्रभाकररावांनी शाळेच्या मैदानाकडे बोट दाखवलं. होडी तिथे उतरवली. नावाड्याचं पद निघालं; त्यावर सरपंचांच्या भाच्याची रीतसर नेमणूक झाली. त्याने होडीवर वेळापत्रक रंगवलं: सुटण्याची वेळ सकाळी ७.१०. अपेक्षाला होडीचा सवलतीचा विद्यार्थी पास मिळाला, फोटोसह. नावाडी रोज सात दहाला येऊन वहीत 'ओहोटीमुळे फेरी रद्द' असं लिहितो आणि घरी जातो. त्याच्या कामात कुचराई नाही. रविवारी फेरी नसते, तेव्हा तो लिहीत नाही.

आता हे दुरुस्त का केलं नाही, असं कुणीही विचारील. आम्ही प्रयत्न केला. कक्षाला कळवलं की गाव बेट नाही. कक्षाने उत्तर दिलं की छायाचित्रात पाणी स्पष्ट दिसत आहे, तरीही आपला आग्रह असल्यास अधिकारी स्थळपाहणी करतील. पण बेटाच्या स्थळपाहणीला अधिकाऱ्यांनी शासकीय होडीनेच जायचं असतं, आणि आमच्या गावची शासकीय होडी आमच्याच शाळेच्या मैदानात होती. ती अगोदर त्यांच्याकडे पाठवा, असं त्यांनी कळवलं. पाठवायला ट्रक हवा होता. बेटावरून ट्रक निघू शकत नाही.

दुसरा मार्ग सोपा होता. दौऱ्याला गेलेल्या सर्व सदस्यांनी ग्रामसभेत लिहून द्यायचं की आम्ही चुकीची माहिती दिली, आणि त्याखाली सह्या करायच्या. त्यानंतर गाव पूर्ववत होईल आणि सह्या करणारे सहा वर्षांसाठी निवडणुकीला अपात्र होतील. हा मार्ग आम्ही सर्वांनी काळजीपूर्वक वाचला. तीनदा वाचला.

तोवर गावातही बदल झाला होता. बेटावर पावसाळ्यात बोट पोचत नाही म्हणून रेशनचं चार महिन्यांचं धान्य एकदम आलं. शाळेच्या गुरुजींना खडतर सेवेचे गुण मिळाले. बदलीसाठी ते आठ वर्षं धडपडत होते. मच्छीमार कुटुंबांसाठी म्हणून घरटी एक नायलॉनचं जाळं वाटलं गेलं. आमच्या शिवारात रोही, म्हणजे नीलगायी, आणि रानडुकरं पिकाची नासाडी करतात, रात्र-रात्र जागून राखण करावी लागते. लोकांनी ती जाळी कुंपणाला बांधली आणि यंदा पहिल्यांदाच गाव निवांत झोपलं. जाळी एवढी उपयोगी वस्तू आहे हे कोणत्याही आदर्श गावात आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं.

पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झाल्यावर ग्रामसभा भरली. होडी मैदानाच्या मधोमध असल्याने लोक तिच्याभोवती बसले. वयस्कर मंडळी होडीत बसली. अण्णाजी उभे राहिले. त्यांना भाषण येत नाही. पटक्याचं टोक हातात धरून ते सरळ बोलले.

"माह्या नातीची हजेरी अडुसष्ट झाली. ते रोज आठ किलोमीटर चालून राह्यली. मले होडी नको, जाळं नको. मले बस पाह्यजे. हे गाव बेट नाई, एवढं लिहून द्या."

मग मंदाबाई म्हणाल्या, "अण्णाजी, पोरीचं आमाले बी वाईट वाटते. पण जाळी वापस न्यायले आले तर? पऱ्हाटी बोंडावर येऊन राह्यली."

"धान्य बी वापस मागतीन," मागून कुणी तरी म्हणालं.

गुरुजी झेंड्याची दोरी तपासत होते.

प्रभाकररावांनी ठरावासाठी हात मागितले. चिंचझरीच्या चारही बाजूंना पाणी आहे, असं ज्यांचं मत असेल त्यांनी हात वर करावा. मी अपेक्षाकडे पाहिलं. ती बायकांत शेवटी बसली होती, पायांत प्लास्टिकच्या चपला, टाचा भेगाळलेल्या. मी उठून उभं राहायचं ठरवलं होतं. खरंच ठरवलं होतं. सकाळी सुलोचनाबाईंना तसं सांगूनही आलो होतो. मग मला निवडणूक आठवली, आणि सह्यांचा तो कागद, आणि वाळूवरचा तो पाऊण तास. हात वर गेला. पुरुषांत अण्णाजींचा एकट्याचा खाली होता. बायकांत बसलेल्या सुलोचनाबाईंचाही खाली होता, पण बायकांचे हात धनंजयनी मोजले नव्हते.

सभा संपल्यावर धनंजय अण्णाजींना बाजूला घेऊन गेले. मी मागोमाग गेलो. वर्ध्याच्या मुलींच्या एका वसतिगृहात संपर्क तुटलेल्या गावांतल्या विद्यार्थिनींसाठी एक जागा राखीव असते, जेवणासह. दवाखान्यापासून दहा मिनिटांवर. द्वीपवासीयांना प्राधान्य आहे. धनंजयनी अर्ज भरूनच आणला होता. पालकाची सही तेवढी बाकी होती. अर्जात एकच ओळ महत्त्वाची होती: 'आमचे गाव बेट आहे.'

"हे लबाडी आहे," अण्णाजी म्हणाले.

"कागदावर नाही," धनंजय म्हणाले.

अपेक्षा जवळ येऊन उभी होती. "आबाजी," ती म्हणाली, "अजून दोन हप्ते असंच चाललं तर मी परीक्षेत बसत नाई." रडली वगैरे नाही. नुसतं सांगितलं. आणि तिने आपला पेन पुढे केला.

अण्णाजींनी गुडघ्यावर कागद ठेवून एकेक अक्षर जोडत सही केली.

ऑगस्ट संपायच्या आत तिला खोली मिळाली. तिचं सामान पोचवायला मीच भाड्याचा टेम्पो आणला आणि अण्णाजींनाही बरोबर घेतलं; तेवढं तरी मी करू शकत होतो. शकुबाईंनी, म्हणजे तिच्या आजीने, डब्यात शेवया आणि लोणचं दिलं होतं. खोली लहान होती, पण खिडकी होती आणि खिडकीतून दवाखाना दिसत होता. अपेक्षाने खाटेवर बसून पाहिलं, उठली आणि पुन्हा बसली. "आता मी सातला उठली तरी चालते," ती म्हणाली. हजेरी ऑक्टोबरपर्यंत ऐंशीच्या वर जाते, हे तिने वहीवर मांडून दाखवलं. अण्णाजींच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या छातीवर दोन महिने ठेवलेलं वजन उतरलं. शेवटी कुणाचं वाईट झालं नाही, असं मी स्वतःशी म्हणालो.

खाली कार्यालयात सही करायला गेलो तेव्हा टेबलापुढे एक मुलगी आणि तिचे वडील उभे होते. दोघांचे कपडे कमरेपर्यंत ओले आणि चिखलाने भरलेले होते. मुलीचं नाव रुचिका. राखीव जागेच्या यादीत तिचं नाव दुसरं होतं. तिचं गाव नदीपलीकडे आहे, पावसाळ्याचे चार महिने तुटतं. त्या दिवशीही बापलेक दोर धरून पार झाले होते.

"बाई, आमच्या गावाले रस्ता नाई," तिचे वडील सांगत होते.

"आहे," वसतिगृहाच्या बाई शांतपणे म्हणाल्या आणि संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला. "बारमाही, डांबरी. पूलसुद्धा आहे. हा फोटो बघा."

त्यांनी फोटो बघितला. पूल चांगला होता. कुठला होता कोण जाणे. मग मुलीने पिशवी उचलली आणि दोघं बाहेर पडली. त्यांच्या पायांचा चिखल फरशीवर दारापर्यंत उमटला होता. मी रजिस्टरवर सही केली आणि अण्णाजींना टेम्पोत बसवून गावाकडे निघालो. त्यांना यातलं काही सांगितलं नाही.

इथवर वाचताना तुम्ही आम्हाला हसलात, नावं ठेवलीत. ते बरोबरच आहे. पण अपेक्षाला खोली मिळाली तिथे तुम्हालाही बरं वाटलं, चला, पोरीचं काम झालं, असं तुम्हीही मनात म्हणालात. ग्रामसभेत हात वर होतो, तो असाच.